खिडकी डाव्या हाताला होती

मी, गल्लीत पडदेवाल्या काकू म्हणून ओळखतात ती, वय बावन्न, धंदा पडदे शिवणे, राहणार बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या वरचा मजला, आज कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी माझ्या मुलीसह राहते. मुलगी नोकरी करते. माझे पती फोटोग्राफर आहेत. हवालदारांनी आधी 'होते' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

तीन वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळी माझे पती कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवून, "उजेड चांगला आहे, जाऊन येतो," असे म्हणून घरातून बाहेर पडले, ते परत आले नाहीत. त्याबाबत याच ठाण्यात मी तक्रार दिलेली आहे. घरात भांडण झाले होते काय, असे मला तेव्हा विचारले होते, आजही विचारले. भांडण झाले नव्हते. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आल्यापासून स्टुडिओत कोणी फिरकत नव्हते आणि हे खाली रिकाम्या खुर्चीवर दिवे लावून बसत. बोलणे कमी झाले होते. मी वर मशीनवर असे. भांडले असते तर बरे झाले असते, निदान चार शब्द तरी कानावर पडले असते.

ह्यांचे काढलेले फोटो फिल्मच्या पट्ट्यांच्या रूपात पत्र्याच्या डब्यांत घरीच आहेत. गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं काम डब्यात खराब होतंय. वेबसाइट काढू. लोक बघतील, आवडलं तर विकतही घेतील." मी लगेच हो म्हटले. लोक बघतील म्हणजे त्यांत हेही बघतील, असे माझ्या मनात होते. मुलीला ते सांगितले नाही. ती म्हणाली असती, आता पुरे कर.

फोटोंची मांडणी कशी करायची यावरून आमच्या दोघींचे वाजले. ह्यांनी डब्यांवर उजेडाप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या आहेत: 'कोवळे ऊन', 'ढगाळ', 'दिवे लागल्यावर'. मुलीला माणसे, रस्ते, घरे असे कप्पे हवे होते. ती म्हणाली, "गिऱ्हाईक काय 'ढगाळ' शोधत येणार आहे?" मी म्हटले, "आणि त्यांनाच काही शोधायचं असलं तर?" त्यावर तिने दोन्ही मांडण्या ठेवल्या. प्रत्येक फोटोवर, कोणी फुकट उचलू नये म्हणून, ह्यांचे नाव फिकट अक्षरांत आडवे टाकले आहे. खाली किंमत, आकार आणि संदेश पाठवायची चौकट आहे. पहिला फोटो, रिकाम्या बाकाचा, आमच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतला व दवाखान्यात बाहेर लावला. ताटकळणाऱ्या लोकांना बघायला तोच बरा, असे ते म्हणाले. त्या दिवशी मी दोनदा दवाखान्यासमोरून गेले, माझे दात चांगले आहेत.

मुलगी दिवसा कामावर असल्याने फिल्म स्कॅन करण्याचे काम मी करते. मशीनशेजारीच स्कॅनर ठेवला आहे. फिल्मची चकचकीत बाजू वर ठेवायची असते, नाहीतर चित्र आरशात दिसावे तसे उलटे येते, डावे ते उजवे. पट्टीच्या कडेला आकडे असतात, ते सुलटे दिसतात का हे बघितले की चूक होत नाही. हे सगळे मला ह्यांनी लग्नानंतर शिकवले होते. परंतु एका डब्यात एकच तुकडा सुटा निघाला. त्याच्या कडा कापलेल्या असल्याने आकडे नव्हते. आयुष्यभर कापडाची उलटी-सुलटी बाजू हाताने ओळखत आले आणि तिथे चुकले.

तो फोटो आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीचा आहे. खोलीत एक खिडकी, खिडकीत कप, आणि वाऱ्याने आत फुगलेला पडदा, एवढेच आहे. माणूस नाही, पाटी नाही, घड्याळ नाही. पडदा मी शिवलेला आहे, आयुष्यातला पहिला. हा फोटो ह्यांनी काढल्याचे मला माहीत नव्हते. कॉम्प्युटरवर तो उमटला तेव्हा मी पडद्याकडेच बघत बसले. खिडकी कुठल्या बाजूला आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. साहेबांनी विचारले की, तुम्ही स्वतः त्या खोलीत राहिलात तरी कसे आले नाही. डोळे भरले होते, असे लिहायचे असल्यास लिहावे.

मागच्या आठवड्यात वेबसाइटच्या चौकटीतून एक संदेश आला. पाठवणाऱ्याचे नाव नाही. मजकूर असा: "खोलीचा फोटो उलटा लागलाय. खिडकी डाव्या हाताला होती. फिल्मची चकचकीत बाजू वर ठेवावी." त्याखाली काही नाही.

माझी खात्री आहे की हा संदेश माझ्या पतींनी पाठवला आहे. मुलीचे म्हणणे, जुन्या घरमालकाचे कोणी असेल. घरमालकाला खिडकी माहीत असेल, फिल्मची चकचकीत बाजू कुठून माहीत असणार? ती खोली पाडून तिथे आता वाहने उभी करतात. खिडकीची बाजू आणि फिल्मची बाजू, हे दोन्ही जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यांतली एक मी आहे. ह्यांना कुठलेही काम वाकडे झालेले खपत नाही. माझ्या शिलाईलाही नावे ठेवत. तेव्हा मला राग येई, आता कोणी नावे ठेवत नाही तर टोचते.

सदर संदेश कुठून आला याचा तपास व्हावा, अशी माझी विनंती आहे. साहेबांनी समजावून सांगितले की, सज्ञान माणूस आपल्या मर्जीने गेला असेल तर पोलिसांना त्याला ओढून आणता येत नाही. मी ओढून आणा म्हणत नाही. ते आहेत, जेवतात, डोक्यावर छप्पर आहे, एवढे कळवावे. यावेसे वाटले तर जिना तोच आहे.

सदर फोटो दुरुस्त केला काय, असे विचारल्यावरून सांगते की, केलेला नाही. मुलगी म्हणाली, "एक बटण दाबायचं, सुलटा होतो. करून टाकते." मी तिचा हात धरला. सुलटा झाला तर ते पुन्हा कशाला लिहितील? उलट त्यानंतर मी आणखी चार फोटो मुद्दाम उलटे लावले आहेत. पाट्या, अक्षरे असलेले घेतले नाहीत, ते कोणालाही कळतील. ज्यांत फक्त त्यांनाच कळेल, असेच निवडले आहेत. गिऱ्हाइकाची फसवणूक नको म्हणून त्या पाचही फोटोंखाली 'विकला' असे टाकले आहे. हा गुन्हा होत असेल तर मला कबूल आहे. रोज सकाळी मशीनमध्ये दोरा ओवण्याआधी मी ती चौकट उघडून बघते. आजपर्यंत दुसरा संदेश आलेला नाही.

माझा हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी तो नीट ऐकला. यात सांगितलेले सगळे मी सांगितले तसेच असून बरोबर आहे. वेबसाइटवरचे पाच फोटो तेवढे चूक आहेत. ते ज्यांचे आहेत त्यांनीच येऊन सुलटे करावेत, दुसऱ्या कोणी हात लावू नये.