चौदा नंबरच्या काकूंची बेल

हॅलो?… हो, मीच. बोल… नाही, चहाची सुट्टी आहे, दहा मिनिटं आहेत हातात. सिस्टर रूममध्ये एकटीच आहे, दार लावलंय…

हं… हं… कोणी सांगितलं तुला?… असू दे, खरं आहे ते. चौदा नंबरच्या काकूंच्या बेलचा रिपोर्ट मीच लिहिला. चार वाजता लिहून इनचार्ज सिस्टरांच्या हातात दिला. ड्यूटी संपल्यावर तुला फोन करणारच होते, त्याआधी तुझाच आला…

अगं, ऐक ना… हो, हो, मैत्रीण आहेस, म्हणूनच… बरं, तू बोल आधी. मी गप्प बसते…

हं…

नाही, 'बेल खाली पडली होती' असं मी लिहिणार नाही. पडली नव्हती ती. पलंगाच्या मागे, सलाइनच्या स्टँडला वायरीसकट गुंडाळून ठेवली होती, दोन वेढे देऊन. पडलेली बेल स्वतःहून वेढे घेत नाही गं…

कोणाला विचारायचं त्यात? दोन वाजता पाळी बदलताना तूच म्हणालीस की, चौदा नंबर सारखी वाजवते म्हणून बेल जरा लांब ठेवलीय. हसत म्हणालीस. मीही मान डोलावली, तेही लिहिलंय मी रिपोर्टात. लगेच उठून बघायला हवं होतं. मी आधी औषधांची ट्रॉली लावत बसले. तिथे पोचेपर्यंत अडीच वाजले होते…

काय दिसलं म्हणजे? चादर ओली होती. आणि गार पडलेली होती, म्हणजे आत्ताची नव्हती. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. लुळा हात अंगाखाली दबलेला…

माहितीये मला, त्या सगळ्यालाच 'नाही' म्हणतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर तेवढाच एक शब्द राहिलाय त्यांच्याकडे. पाणी हवं असलं तरी 'नाही', नको असलं तरी 'नाही'… हो, चीड येते. मलाही येते. पण ती हट्टी बाई नाही गं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत त्यांनी, गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय होतं का ते काम? आता तोंड उघडलं की भलताच शब्द बाहेर पडतो. त्यांना तो ऐकूही येतो, चेहऱ्यावर दिसतं ना…

मी काय केलं? खुर्ची घेऊन डाव्या बाजूला, त्यांच्या चालत्या हाताशी बसले. म्हटलं, काकू, शब्दांचं राहू दे. 'हो' असेल तर माझ्या हातावर एकदा टिचकी मारा, 'नको' असेल तर दोनदा. थोडा वेळ लागला, पण जमलं. चादर बदलू का? एकदा. लाज वाटतेय? एकदा. मुलीला सांगू का? दोनदा…

नाही, तुझं नाव घेऊन मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांच्याकडून वदवून घेण्यासारखं काही नव्हतंच, मला ठाऊक होतं…

हो गं. तू शिकवलंस मला. पहिल्या दिवशी सुई टोचताना मी चुकले, तेव्हा तूच सगळ्यांसमोर सांभाळून घेतलंस. ते विसरले नाही मी. पण त्या उपकारापोटी खोटं लिहू?… नाही. तू कितीही वेळा विचारलंस तरी नाही…

रडू नकोस, असं म्हणणार नाही मी. रड. मी आहे फोनवर…

हं… सासूबाई अजून अंथरुणातून उठत नाहीत का?… म्हणजे घरी तेच, इथे तेच. रात्री किती झोपतेस?… तीन तास. आणि हे तू कोणालाच सांगितलं नाहीस. मला तरी?… हं. मी विचारलंही नाही. रोज पाळी बदलताना भेटतो आपण, आणि बोलतो फक्त पेशंटचं…

अगं, दमणं हा गुन्हा नाही. पाळी बदलून माग, रजा माग, मी सही करते बरोबर. पण तुझ्या दमण्याची शिक्षा त्या बाईला कशाला?…

काय म्हणालीस?… परत सांग.

कालही बेल लांब ठेवलीस?… आणि परवा?… आणि मी यायच्या आधी परत उशाशी ठेवायचीस?

थांब. जरा थांब…

नाही, आहे मी. ऐकतेय.

तीन दिवस.

तुला सांगते, आज चादर बदलल्यावर मी ती बेल त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी परत माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, नकोय. मी उशाशी ठेवून निघून आले… नको कशी असेल? त्या घाबरल्यात. मागायलाच घाबरायला लागल्यात. आणि टिचक्यांचं एवढं कौतुक करणारी मी, मलाही ते कळलं नाही…

नाही, तुला टोचून बोलत नाहीये. झालं ते सांगतेय…

हे बघ. रिपोर्टात आजचंच आहे. आधीचे दोन दिवस तू सांगायचेस, तुझ्या तोंडाने. मेट्रन उद्या आठला येतात. तू सांगितलं नाहीस तर सव्वाआठला मी आत जाईन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवतेय…

काय होईल, खरंच माहीत नाही मला. ताकीद मिळेल, वॉर्ड बदलतील, कदाचित जास्तच. 'काही होत नाही' असं खोटं कशाला सांगू तुला?…

काकूंकडे, माफी मागायला? हो, जायचंय तुला. पण आधी मी विचारते त्यांना, तू आलेली चालेल का म्हणून. दोन टिचक्या मारल्या तर नाही जायचं. एकच मारली तर खुर्चीवर बस, उभ्याने बोलू नकोस. काय केलंस ते सांग आणि थांब. सासूबाईंचं, झोपेचं काही सांगायचं नाही, ते मेट्रनना सांग. काकूंनी तुला समजून घ्यायला हवं, असं काही नाही… हो, 'नाही' म्हणतीलच. त्या शब्दाला भिऊ नकोस, चेहऱ्याकडे बघ…

माझी दहा मिनिटं संपली गं. मला आत्ताच त्यांच्याकडे जायचंय. त्या वाजवोत, न वाजवोत, दर अर्ध्या तासाने जाणार आहे मी. रात्रपाळीलाही तेच सांगून ठेवते…

मी? मी कुठे जातेय? साडेसातला येते उद्या, मेट्रनच्या दाराबाहेर बाक आहे ना, तिथे बसते… हो, लिहिणारी मीच आणि बाकावर बसणारीही मीच. तुला चालणार असेल तर…

हं.

बरं. साडेसात. काहीतरी खाऊन ये… ठेवते आता.