डोळ्यात डोळे घालून

तुम्ही हसा गं, पण वाळूजच्या त्या कंपनीचा विषय निघाला की अजून माझं टाळकं सरकतं. क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, मुलाखतीत ताठ बसायचं अन् डोळ्यात डोळे घालून बोलायचं. आमच्या पिशोरला सून सासऱ्यांसमोर मान वर करत नाही, मग मला ही सवय कुठली? पण नोकरी तर पाहिजेच होती, म्हणून आठवडाभर सासऱ्यांवरच सराव केला. सासूबाई म्हणल्या, "अगं, मामांकडं डोळे वटारून काय बघती? त्यांनी केलं तरी काय?" मामा बिचारे पाठमोरे जेवायला लागले.

मुलाखतीत अर्धा तास मी साहेबांवरची नजर हलवली नाही, अन् साहेबांनी मोबाईलवरची. शेवटी म्हणले, "उत्तरं चांगली आहेत, पण तुमच्या बॉडी लँग्वेजमध्ये कॉन्फिडन्स दिसत नाही."

मी उठले अन् दारातून विचारलं, "साहेब, माझी साडी कोणत्या रंगाची आहे?"

मेल्यानं वर न बघताच सांगितलं, "निळी."

अगं, मी पिवळा ड्रेस घालून गेले होते!