खालच्या ओढ्यातले किडे

माझा जन्म लोहाऱ्याजवळच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला, आणि आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे गावाचं पिणं, धुणं, जनावरं सगळं उरकून जे पाणी राहील ते आमच्याकडं यायचं. त्यामुळं पाण्याकडं संशयानं बघायला मी आईच्या कडेवरच शिकले. कॉलेजनं फक्त संशय तपासायची रीत दिली, आणि ती रीत मी एकदा कशी विसरले, तेच सांगते.

एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. दुष्काळ होता. येरमाळ्याच्या बाजूच्या एका गावाला सरकारी विहीर मंजूर झाली, एकच, आणि ती ओढ्याकाठी कुठं खोदायची यावर वाद. तिथंही गाव वर आणि आमच्या समाजाची वस्ती खाली. वर खोदली तर वस्तीतल्या बायांनी घागर घेऊन गावात जायचं आणि कुणी वरून ओतील तेव्हा घ्यायचं. खाली खोदली तर वस्तीला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी शेंदायला मिळणार. पंचायत समितीच्या साहेबांनी ठरवलं, खालचा ओढा निरोगी निघाला तर खाली, नाहीतर वर. तपासायला आमच्या सरांनी मला पाठवलं.

ओढ्याची तब्येत दगड उलटून बघतात. दगडाच्या खालच्या अंगाला तीन शेपट्यांचे चपटे किडे असले, वाळूच्या कणांचं घर करून राहणाऱ्या अळ्या असल्या की ओढा चांगला, कारण घाणीत ते तगत नाहीत. घाणीत नुसत्या लाल अळ्या उरतात. म्हणजे किडे आहेत म्हणून पाणी चांगलं. हे वाक्य गावात कुणाला सांगून बघा तुम्ही.

मी तीन जागा बघितल्या, दूध सोसायटीच्या वर, सोसायटीच्या खाली आणि वस्तीपाशी. पहिल्या दोन्हीकडं किडे भरपूर. वस्तीपाशी एकही नाही, लाल अळीसुद्धा नाही. काय सांगू तुम्हाला, दगड घासल्या भांड्यासारखे स्वच्छ. मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. जे सरपंच तेच सोसायटीचे चेअरमन, कॅन धुवायचा सोडा त्यांच्या हाताशी, आणि विहीर वर व्हावी ही इच्छाही त्यांचीच. मी सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, खाली काय ओतलंत? ते चिडले नाहीत, आणि तेच मला जास्त संशयास्पद वाटलं. म्हणाले, बाई, तुमी शिकलेल्या, आमच्यावर आळ घ्यायला पुरावा लागत न्हाय व्हय? ओट्यावरची माणसं हसली.

पुरावा दाखवायचा म्हणून मी वही उघडली, आणि तिथं माझ्याच अक्षरात होतं, सोसायटीच्या खाली वीस पावलांवर किडे जिवंत. सोडा तिथून आला असता तर आधी ते मेले असते. मी वही मिटली आणि वस्तीत गेले.

वस्तीत कोंडाबाई मावशी सगळ्यांत वडील. मी विचारलं, मावशी, या दोन-चार दिवसांत ओढ्यावर कोण आलं होतं? म्हणाल्या, कोन येतंय, आमीच. आपली पोरगी साहेब हून पाणी बघाया येतीय म्हून कळलं, मग समद्या बायांनी रोजगार हमीवर दोन दिस खाडा केला, दगड काथ्यानं घासले, दवाखान्यातनं आणलेली विहिरीत टाकायची पावडर टाकली. येक किडा ठेवला न्हाय बघ. आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी शाबासकी द्यावी. मी समजावलं, किडे होते तेच बरं होतं, तर त्या शेजारणीला म्हणाल्या, शाळंत असं शिकवत्यात व्हय.

मी साहेबांकडं तीन आठवडे मागितले. वरून वाहत येऊन किडे पुन्हा वस्ती करतात हे लिहून दिलं, आणि ते का मेले तेही लपवलं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही कोणत्या समाजाच्या ते मला ठाऊक आहे, ही मुदत कुणासाठी? मी म्हणाले, मग दगड सरपंचांनाच उलटू द्या.

तीन आठवड्यांनी सरपंच आले, कारकून आला, सगळी वस्ती काठावर. सरपंच वाकले तशा मावशी मध्ये आल्या आणि दगडावर पाय रोवून उभ्या राहिल्या.

“पोरी, ह्येंनी आजपत्तुर आमाला घाण म्हटलं. आता आमच्या पाण्यातलं किडं तू त्येंच्याच हातानं काढाया लावतीस?”

शास्त्र माझ्या तोंडाशी होतं, पण त्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “मावशी, माझ्यावर संशय घ्या, पण पाय काढा.”  मावशींनी पाय काढला. सरपंचांनी दगड उलटला. तीन शेपट्यांचे होते, आठ-दहा, उजेडाला बिचकून कडेला सरकणारे. सरपंचांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, हे चांगलं? मी म्हणाले, उत्तम. त्यांनी कारकुनाच्या कागदावर सही केली, पण माझ्याकडं बघून विचारलं, बाई, खरं सांगताव ना?

विहीर खाली झाली. तिच्यात पावडर नियमानं टाकावीच लागते, ते मी बायांना शिकवलं, ओढ्यात नको तेही शिकवलं. आता तपासणीला कुठंही कळवून जात नाही मी. त्या गावी गेले की मावशी पाणी लुगड्याच्या तीन घड्यांतून गाळून देतात आणि मी पिऊन होईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहतात. परवा विचारलं त्यांनी, तुझ्या कागदात आमच्या वढ्यात किडं हायत असंच हाय का अजून? मी म्हणाले, हो. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, पाणी आलं, तुझं भलं होवो. पर त्यो कागद दुसऱ्या कुनाला दावू नको.