घमेल्यातला सडा

चपक — असा आवाज यायचा साहेब, ओल्या सड्यावरून पाय उचलला की. सडा म्हणजे आमच्या कोकणातला डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. लहानपणी ऐकलेला आवाज, अजून कानात आहे. त्याच सड्यावरचा चिखल हा, तुम्ही ओतायला निघालात तो. थांबा जरा. म्युन्शिपालटीचा माणूस डासांच्या अळ्या शोधणारच — पण हे साचलेलं पाणी नाही, बोट घालून बघा, चिखल आहे नुसता. आणि डासाचं म्हणाल तर ते लाल केसाळ पान बघा. टोकाटोकाला दव. दव कसलं, चीक आहे तो. डास बसला की पाय सुटत नाही. पान घाई करत नाही हो. हळूहळू मिटतं, आईने पोराला पदराखाली घ्यावं तसं.

मी खिडकीतून बघतो, गजातून हात पोचत नाही घमेल्यापर्यंत. त्या रोपाला पावसाचंच पाणी लागतं — तरी शेजारच्या वनमालाबाई तांदळाचं धुवण ओततात, तुळशीला घालावं तसं, मायेने. सकस काही दिलं की मरतं हे. अर्धी रोपं काळी पडली. बाईंना काय बोलणार? माया करतात.

दार उघडू? कुलूप आहे ना बाहेरून. दशरथ, मुलगा माझा, कामावर जाताना लावतो. सूनही जाते. वाईट नाही तो — थर्मासात चहा, झाकून भाकरी, सगळं ठेवून जातो. मीच एकदा गावाला जायचं म्हणून निघालो आणि मालाडला भरकटलो. पोलिसांनी आणून सोडलं. पोरगा रडला हो माझा. तेव्हापासून कुलूप. माझ्या भल्यासाठीच, नाही का? तसंच म्हणतो तो.

असं करा साहेब. घमेलं ओता खुशाल, मी हरकत घेत नाही. फक्त चावी वनमालाबाईंकडे असते, ती मागून घ्या. कुठे जाणार नाही मी, आईशपथ. गॅलरीत येईन, ह्या चिखलात एकदा पाय ठेवीन, उचलीन — मग ओता.

घमेल्याला हात नाही लावलात. उपकार झाले. आणि चावी? बाईंचं दार उजवीकडे, साहेब. तिकडे जिना आहे —

बरं. जपून उतरा. मधली पायरी फुटकी आहे.