मैना राठोड, नाते मुलगी

—नाई, नाई, बसा तुम्ही, त्या डब्ब्यावर बसा, तुमच्या फटफटीले एक नाई दोन पंक्चर हायेत साहेब, टाईम लागते. बाभळीचा काटा हाये, तांड्याच्या रस्त्यानं पुढंबी असेच भेटतीन. कुठं म्हनले? सुखीबाईच्या तांड्यावर? विमा विकाले? अरे बाप्पा! मंग तं बसाच. काटा लागला हे तुमचं नशीब समजा, तिकडं विम्याचं नाव काढलं तं बाया पानीबी नाई देत. काहून? आता काहून म्हनजे — सांगतो न, हात माह्ये कामात हायेत, तोंड तं रिकामंच हाये.

सुखीबाई म्हनजे आमची सुखी याडी. याडी म्हनजे आई, बंजाऱ्याइच्या गोर बोलीत. सारं ढाणकी गाव तिले याडीच म्हनते, मी रहेमान मिस्त्री, मीबी याडीच म्हनतो, काहून का लहानपनी तिच्या चुलीवरची भाकर खाल्ली हाये — ते जाऊ द्या. सत्तरीची बाई, एक बकरी, एक बटनाचा फोन. निराधारचे पैसे ब्यांकेत येत. तं मागच्या साली ते कमी येऊन राह्यले. याडीले वाटलं, सरकारले तंगी असन. तिनं तं सरकारची कीव केली साहेब! मंग नात आली, जया, यवतमाळले कॉलेजात हाये ते. तिनं पासबुक पाह्यलं, ब्यांकेत गेली, भांडली अन् कागद काढून आनला. कागदावर काय? अंदाज करा. नाई. नाई. — विमानप्रवासाचा विमा! विमानात सामान हरवलं तं भरपाई! अन् बाई पोहरादेवीच्या पुढं गेली नाई कधी. दर महिन्याले पैसे कटून राह्यले, चौदा महिने.

तुमाले वाटन याडी रडली. कायले रडते! ते म्हने, भरपाई हाये न? मंग उमरखेडच्या यष्टीत माह्यं गाठोडं राह्यलं, दोन लुगडे होते, ते भरून द्या. गेली न कंपनीच्या ऑफिसात! तिथला पोरगा म्हने, आजी, यष्टी म्हनजे विमान नाई. याडी म्हने, हे तुले आज समजलं का? मंग विमानाचे पैसे कायले कापले? — हसू नका साहेब, टायर हालते. नाई, हसा, मीबी हसलोच होतो.

पन खरी गंमत खालच्या ओळीत होती. वारस — मैना राठोड. नाते — मुलगी. जया म्हने, आजी, ही मैना कोन? माह्या बापाले बहीन हाये अन् मले माहीत नाई? घरात दोन दिवस सून आजीकडं तिरपं पाहून राह्यली. अन् मैना बाहेर खुट्याले बांधली होती. हाव, बकरी! बकरीचं नाव मैना! आता बकरी वारस कशी झाली, हे कोनालेच सांगता येईना. तं जयानं अर्ज लिहला, यवतमाळच्या ग्राहकाच्या कोर्टात टाकला.

तारखेले मीच नेलं, माह्या छोट्या हत्ती टेम्पोत. बकरीबी नेली, याडीच्या आवाजाबिगर ते पाला खात नाई न. गेटजवळ बांधली, आत गेलो. कंपनीचा वकील असा कोट घालून, म्हने, बाईनं फोनवर होकार देल्ला, आमच्याजवळ रेकॉर्डिंग हाये. जज मॅडम म्हने, लावा. लावलं. एक पोरगी हिंदीत बोलते, अशी सुसाट, की मलेबी अर्धं समजेना — “क्या आप इस योजना से सहमत हैं?” अन् याडी, तिच्या बोलीत, जोरानं — “हाव, हाव, खाय! सारी ज्वारी खाय, माह्यं घरबी खाय!” पोरगी म्हनते, धन्यवाद. “वारिस का नाम?” — “मैना! ए मैना!” — “आपसे रिश्ता?” — “पोरीवानी वाढवली वं तुले, अन् असे पांग फेडते!”

जया एकएक शब्द समजावून सांगून राह्यली, मॅडमनं तोंडाले पदर लावला. वकील म्हने, मधात बें-बें येते ते लाईनची खरखर हाये. त्यानं पुन्हा लावलं, आवाज वाढवून. याडीची हाक गेली खिडकीतून बाहेर — “ए मैना!” — अन् गेटवरून बकरीनं ओ देल्ली! बें! एकदा नाई, दोनदा! वकिलानं कोटाची गुंडी काढली, मंग पुन्हा लावली.

जितली याडी. सारे पैसे वापस, वरून तरास देल्ल्याचे वेगळे. मॅडमनं लिहून देल्लं, मानसाले ज्या बोलीत समजते त्या बोलीत सांगा, कागद हातात द्या, मंगच सही घ्या. तांड्यावर त्या दिवशी लापशी झाली. मैनेले पयले वाढली.

बस, एक पंक्चर झालं. — काय म्हनता? याडीचा नंबर कंपनीले कुठून भेटला? हं. मॅडमनंबी हेच इचारलं. वकील म्हने, आमचा स्थानिक स्रोत हाये. मी मागच्या बाकावर, अन् घाम असा, जसा मीच खाल्ली ज्वारी. म्हनजे — कोनीबी असू शकते न. दुकानदार, मिस्त्री. मिस्त्रीजवळ वही असतेच, गिऱ्हाइकाइचे नंबर असतेत, कंपनीचा टायवाला पोरगा येते, म्हनते वहीचा एक फोटो काढू द्या, हा पंखा ठेवा — आता पंखा कोनाले नको, मे महिन्यात? एकशे बारा नंबर, एक पंखा. मले काय माहीत ते याडीले विमानात बसवतीन! मंग मी नेलं न तिले चार खेपा यवतमाळले, डिझेलचे पैसेबी नाई घेतले. अन् ते तांडाभर सांगते, रहेमान माह्या पोटच्या पोरावानी हाये. ते आयकलं का जेवन जात नाई साहेब.

सांगितलं का तिले? कसं सांगू? कोन्या तोंडानं? — काय? तुमालेबी वही पाह्यजे? कूलर देता? ठेवा तो खिशात. नाई म्हनलं न. कूलर नको, फ्रीज नको, तुम्ही — मागं काय पाहून राह्यले? कोन हाये?

...याडी? तू कवाची आली वं?

...पयल्यापासून?

साहेब, तुम्ही जा. दुसरं पंक्चर पुढं काढा, पैसे राहू द्या, ढकलत न्या, पन जा. जा म्हनतो न.