चौथा मजला, लिफ्ट नाही

— आधी दम घे. बस तिथे. पाणी पी. लाजायचं काय त्यात, सगळ्यांनाच लागतो दम, तू तर दुसऱ्या मजल्यावर थांबलीसही, ऐकलं ना मी. मला इथे बसल्या बसल्या पावलांवरून कळतं, कोण कुठवर आलंय. मिथुन कुठाय? खाली, फोनवर? हां. तो नाही चढत. दलाल आहे ना, शहाणा आहे, गिऱ्हाइकाला एकटं वर पाठवतो आणि मला बजावून ठेवतो — मावशी, तुम्ही फक्त चहा करा, बोलू नका. मागच्या वेळी बोलले, तर ते गोरेगावचं जोडपं अर्धा चहा टाकून गेलं. मी काय खोटं बोलले? जे आहे ते सांगितलं. आज नाही बोलणार. श्रुतिका ना गं तू? पहिलंच घर? स्वतःच्या एकटीच्या पगारावर? शाब्बास. हा घे चहा. बघ घर, नीट बघ, आतलं दारही उघड. खिडकीतून मिठागरं दिसतात, त्यापलीकडे खाडी. संध्याकाळी असा वारा येतो की पंखा नको. मुलुंडमध्ये आता कुठे मिळतं असं? नाहीच मिळत.

सगळ्यात वरचा मजला आमच्या ह्यांनी मुद्दाम मागून घेतला. पहिला मजला मिळत होता हां, सोसायटी म्हणत होती, घ्या. पण हे लालबागच्या चाळीत वाढलेले, जन्मभर डोक्यावर कोणाचा तरी वरवंटा, कोणाची पोरं धावतायत, कोणाचा पाट सरकतोय. ह्यांचं एकच — माझ्या डोक्यावर कोणी नको. आमच्यासारखे चाळीतून आलेले सगळे वरचेच मजले मागत होते, भांडणं झाली त्यावरून! आम्हाला मिळाला, तर मी पेढे वाटले. पाय काय, तेव्हा होतेच. मी गव्हाचं पोतं चढवलंय इथवर, पोटात सिद्धेश असताना. लिफ्टचं काय, तर नंतर बसवू. सगळे म्हणाले, नंतर बसवू. जागा पण सोडलीय बघ जिन्याच्या बाजूला, आता तिथे सायकली आणि कोणाचं तरी कपाट पडलंय.

का नाही बसवली? — बसवू देत नाहीत म्हणून. जमीन आपली नाही ना. तुला मिथुनने सांगितलं नाही? लीजची आहे गं ही जागा, एका ट्रस्टची. आम्हाला वाटलं, घर घेतलं म्हणजे घेतलं. वास्तुशांत केली, दारावर नावाची पाटी लावली, गावाहून सासू आली, तिने जमिनीला हात लावून नमस्कार केला. कोणाच्या जमिनीला? ट्रस्टच्या! तिला काय ठाऊक, आणि आम्हाला तरी कुठे ठाऊक? भिंती आपल्या, फरशी आपली, खालची माती दुसऱ्याची. एवढा हा पसारा मांडला, पण लीजची किती वर्षं उरलीत, हे एकानेही विचारलं नाही. लग्न ठरवताना मुलाच्या मामाचं गाव विचारतो आपण! आणि ती वर्षं संपली. नवं लीज करा म्हणून सोसायटी मागे लागलीय, ट्रस्ट नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. तोवर बिल्डिंगला काही जोडायचं नाही. लिफ्ट म्हणजे जोडणं. बिल्डिंग पाडून नवी बांधायची, तर बिल्डर येतात, गच्चीवर उभे राहून वारा खातात नि जातात.

म्हणून सांगते, तू कुठेही घेशील ना — इथे म्हणत नाही मी, कुठेही — फरशी नंतर बघ, नळ नंतर बघ. आधी विचार, जमीन कोणाची. किती वर्षं उरलीत. लीज सोसायटीच्या नावावर आहे, की अजून त्या मेलेल्या बिल्डरच्याच. विकताना कोणाची परवानगी लागते, आणि ती शेवटची कोणाला मिळाली. शेवटची मिळाली त्या माणसाला जाऊन भेट, त्याच्या तोंडाकडे बघ. आणि लिफ्ट नंतर बसवू असं कोणी म्हणालं, की तिथून ऊठ. बँक तुला सांगेलच, वर्षं कमी असली की तोंड फिरवते ती. पण बँकेला चढायचं नसतं गं. तुला चढायचंय.

बघ, बोललेच मी. मिथुन मारेल मला.

ती? ती पिशवी. खिडकीला दोरी बांधलीय ना, ती खाली सोडते, द्रौपदी गेटाशी भाजी घेऊन बसते, ती भाजी टाकते, मी ओढते. दूध, औषधं, सगळं तसंच येतं. सोय आहे, चांगली सोय आहे. — मी? मी नाही उतरत. गुडघे. दोन्ही. गणपतीत उतरले होते, मागच्या नाही, त्याच्याही मागच्या. उतरणं जमलं, चढताना तिसऱ्या मजल्यावर बसले ती बसलेच, शेजारच्या लताच्या दारात, पायपुसण्यावर. लोक चहा आणून देतायत आणि मला रडू आवरेना. तेव्हापासून नाही. घुसमट होते गं. खाडी दिसते, माणसं दिसतात, द्रौपदीचा टाळूवरचा भांग दिसतो, तोंड दिसत नाही. कोणाचंच तोंड नीट दिसत नाही वरून.

ह्यांना खुर्चीत बसवून उतरवलं होतं. प्लास्टिकची खुर्ची, चार बाजूंना चार जण, जिना वळताना ह्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मागोमाग येते. मी पोचेपर्यंत अँब्युलन्स गेली पण होती. ती खुर्ची बघ, तीच, तू बसलीयस ती. — अगं बस, बस, उठू नकोस, खुर्चीने काय केलंय?

सिद्धेश म्हणतो, आई, चल नेरुळला, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. मी म्हणते, घर रिकामं टाकून कशी येऊ? दुसऱ्या मजल्यावरचे गेले कुलूप लावून, तर ट्रस्टचा माणूस येऊन दाराचे फोटो काढून गेला. ह्यांनी जन्मभर राबून घेतलेलं घर, ते कोणीतरी फोटो काढून गिळायचं? तसं नाही व्हायचं. मी ठरवलंय, त्या खुर्चीत एकदाच बसायचं. घर विकलं, की रजिस्ट्रेशनला तसेच चार जण मला उतरवतील आणि मग परत वर नाही. थेट नेरुळ. साडी पण काढून ठेवलीय. तू हो म्हणालीस ना, तर मी उतरते. एवढंच आहे, खरं सांगायचं तर.

काय? — आवडलं? सगळं ऐकून? परवडतंय म्हणून ना. हो, इतक्या स्वस्तात नाही मिळायचं दुसरं. अगं, मग... थांब, मला जरा सुधरू दे. खरंच घेतेस? तू तरुण आहेस, तुला काय, दोन उड्यांत चढशील. एकटी राहणार ना?

आई? आईला आणणार. हां. छान. चिपळूणहून. एकटीच असते का ती तिकडे? — आणि काठी कशाला? पडली होती? नाही नाही, सहज विचारलं. बरी होईल की. होतातच बऱ्या.

...

चहा झाला ना? ऊठ मग.

नाही द्यायचं मला घर. नाही म्हणजे नाही, माझं घर आहे, जमीन नसेल. तू आईला घेऊन येशील, ती पहिल्या दिवशी खिडकीतून खाडी बघेल नि म्हणेल, काय गं वारा! आणि मग ती इथे बसेल, मी बसलेय तिथे. मिथुनला काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, मावशीने नुसता चहा केला, बोलली नाही. येईल दुसरं कोणी. कोणी एकटं, दणकट. येईल.

आणि एक काम कर जाता जाता. द्रौपदीकडून कोथिंबिरीची जुडी घे, मी पिशवी सोडते, पैसे आत आहेत. जुडी टाकलीस की दोरीला एक हिसका दे. म्हणजे मला कळेल, तू पोचलीस खाली.

जा. कठड्याला धरून जा.