सरदारचं नाव फाटकावर

माझं माहेर तिकडं मावळात, दिलं हितं निघोज्याला. आले तवा समदी बाजरीची वावरं व्हती, मंग कंपन्या आल्या, जमीन गेली, वावराच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, आन काय सांगू तुमाला, नांगरायला ढेकूळ न्हाई पन मालकांनी बैल काय सोडला न्हाई. शर्यतीचा बैल, सरदार नाव. त्याला खुराक, त्याला मालिश, त्याच्या वाढदिवसाला केक. माझा वाढदिवस कधी असतो ते कुनी इचारलंबी न्हाई.

तर घरात जे जे उघडायचं त्याचा पासवर्ड सरदार. वायफायला सरदार, माझ्या पोरीच्या, गौरीच्या, इन्स्टालाबी सरदार. मालक म्हनायचे, नाव लकी हाय. गौरी नववीला हाय. अवंदा दिवाळी झाली आन कुनीतरी तिचं इन्स्टा उघडून तिच्याच फोटूखाली नको नको ते लिहिलं, आन गावानं वाचलं. पोरगी जेवंना का बोलंना. धाकटे दीर म्हनले, हिनंच कुनाला तरी दिला असंल, त्याबिगर उघडतंय व्हय, शाळा बास, स्थळ बघा. मालक गप बसले. गप म्हंजी व्हयच की वो. मी भाकरी थापत व्हते, ती तशीच परातीत टाकून उठले, कारन मलाबी सातवीतून असंच काढलं व्हतं, वाटंत कुनी शिट्टी मारली म्हनून. शिट्टी त्यानं मारली आन शाळा माझी सुटली.

तवा शाळेत मोबाइलवरची फसवनूक कशी वळखायची त्याचे तास चालू झाले व्हते, पिंपरीहून एक मॅडम यायच्या. मी मालकांना म्हनले, एवढ्या तासाला जाऊ द्या तिला, मंग काय करायचं ते करा. गौरीनं मॅडमना समदं सांगितलं, तर त्या शाळा सुटल्यावर तिच्यासंगं घरीच आल्या, आन फाटकातच थांबल्या. फाटकावर सरदार, जीपच्या काचंवर सरदार, चौकातल्या फ्लेक्सवर सरदार. म्हनल्या, दादा, पोरीनं कुनाला काय दिलं न्हाई, तुमी कुलूप लावलं आन चावी फाटकावर रंगवली. दिरांना काय पटंना. मंग म्हनल्या, भाऊ, तुमचं इन्स्टा माझ्या मोबाइलवर उघडून बघू का? दीर ऐटीत म्हनले, बघा की. मॅडमनी सरदार टाकलं, आन उघडलं की वो! दिरांचं तोंड बघाया पायजे व्हतं.

मॅडमनी ते घान समदं काढाया लावलं, पोलिसात तक्रारबी दिली. कोन व्हता ते अजून कळलं न्हाई, मुडदा बशिवला त्याचा. पन पोरीची शाळा न्हाई सुटली. आता रविवारी ती आळीतल्या बायांना माझ्या ओट्यावर बसवून शिकवती.

तिनं माझ्या मोबाइलच्या कुलपालाबी नवा नंबर टाकाया लावला. म्हनली, आई, तुझं तूच टाक, मी तोंड फिरवते, फकस्त वाढदिवस टाकू नको, मॅडम म्हनत्यात त्यो घरादाराला ठावं असतो. मला हसूच आलं. पोरीचं ऐकलं न्हाई म्या, त्योच टाकला. परवा मालकांनी गुपचूप खटपट केली, जीपचा नंबर टाकला, गौरीचा वाढदिवस टाकला, सरदारचाबी टाकून बघितला. न्हाई उघडला.

देवानं माझ्या गौरीला लई शिकू द्यावं, बाकी काय मागनं न्हाई. आन मालकांनी एकदा इचारावं, तुझा वाढदिवस कधी असतो गं. त्या दिवशी मी नंबर बदलून टाकीन.